गुरुजींना माहीत होतं का?

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'मधल्या पंडित विनायक प्रधानांना, म्हणजे गुरुजींना, आपला शिष्य शरद नेरुळकर मोठा गायक होणार नाही हे माहीत होतं का? असेल, तर त्यांनी ते त्याला सांगितलं का नाही? या प्रश्नावरून आमच्या घरात दोन तट आहेत. एका बाजूला आत्या. तिने आयुष्यभर ठाण्यात गाण्याच्या शिकवण्या घेतल्या आणि अजून घेते. दुसऱ्या बाजूला माझा मोठा भाऊ. तो कामगार न्यायालयात वकिली करतो. गाण्यातलं त्याला फारसं कळत नाही, पण कोण कुणाला राबवून घेतंय हे मात्र लगेच कळतं. चित्रपट दोघांनी बारकाईने पाहिला आहे. त्यांचं बोलणं इथे लिहून काढावंसं वाटलं, कारण चित्रपटातल्या माणसाचा हेतू कसा वाचायचा याच्या दोन अगदी वेगळ्या रीती त्यात दिसतात.

चित्रपट न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. शरद हा मुंबईतला चोविशीचा मुलगा. आजीबरोबर राहतो, जुनी ध्वनिमुद्रणं नव्या रूपात आणणाऱ्या कंपनीत नोकरी करतो आणि उरलेला सगळा वेळ गुरुजींकडे ख्याल शिकतो. गाण्याचं वेड वडिलांकडून आलेलं. वडिलांचं स्वतःचं गाणं मात्र कुठे पोचलं नाही. गुरुजींच्या गुरू माई. त्यांनी आपलं गाणं कधी ध्वनिमुद्रित होऊ दिलं नाही. मागे उरली ती त्यांच्या बोलण्याची मुद्रणं, आणि रात्री रिकाम्या रस्त्यांवर मोटरसायकल चालवताना शरद तीच कानात घालून ऐकत असतो. माईंना चेहरा नाही, फक्त आवाज आहे. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. चित्रपट २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता आणि तिथे त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तो एप्रिल २०२१ च्या अखेरीस नेटफ्लिक्सवर आला. सुमित्राताई त्याआधी काही दिवस गेल्या होत्या.

पहिल्या भागातला शरद आणि पस्तिशी ओलांडलेला शरद यांच्यामध्ये बारा-एक वर्षं जातात. त्या काळात तो गुरुजींच्या मागे तानपुऱ्यावर बसतो, त्यांना डॉक्टरकडे नेतो, त्यांचं अंग रगडून देतो, स्पर्धेत गातो आणि हरतो. गाणं सुधारतं, पण उघडत नाही. शेवटी तो ते सोडून देतो.

दादाने सुरुवातच आरोपाने केली.

दादा : मला सरळ सांग आत्या, बारा वर्षं एक माणूस दुसऱ्या माणसाची सगळी कामं करतो. त्या बदल्यात मिळणार काय, तर एक आश्वासन. तेही कधी उघड दिलेलं नाही. आमच्याकडे अशी प्रकरणं रोज येतात. 'तो स्वतःहून यायचा हो, आम्ही त्याला कुठे बोलावलं होतं?' असंच मालक म्हणतो.

आत्या : गुरुजी मालक आहेत का? त्यांचं घर बघितलंस? श्रोते किती येतात ते बघितलंस? कसला नफा मिळवला त्यांनी?

दादा : नफा पैशातच मोजायचा असतो असं नाही. म्हातारपणी हाताशी माणूस असणं हाही नफाच. आणि तो फुकट मिळालाय.

आत्या : फुकट? रोज तालीम द्यायला बसतात ते. तुला ती तालीम दिसलीच नाही. तू फक्त अंग रगडणं बघितलंस.

इथे आत्याने जे सांगितलं ते मला समीक्षकांच्या लेखांत कुठे वाचल्याचं आठवत नाही. ती म्हणाली, तालमीचे प्रसंग पुन्हा बघ, आणि शरदकडे नको, गुरुजींकडे बघ. शरद एखादी जागा घेतो. गुरुजी त्याला थांबवतात आणि तीच जागा स्वतः गाऊन दाखवतात. शरद पुन्हा घेतो, गुरुजी पुन्हा थांबवतात. चेहऱ्यावर राग नाही, कौतुकही नाही. 'ज्या विद्यार्थ्याचा नाद गुरूने मनातून सोडलेला असतो,' आत्या म्हणाली, 'त्याच्या चुका काढणं आधी बंद होतं. बरं बरं, चांगलं चाललंय, असं म्हणून पुढच्या बंदिशीवर जातात. माझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी कुणाला मी थांबवते आणि कुणाला नाही, हे माझं मला ठाऊक आहे. गुरुजी शरदला अखेरपर्यंत थांबवतात.'

हा पुरावा वजनदार आहे, आणि तो दिग्दर्शकाने जाणून ठेवला असावा असं मला वाटतं. गुरुजींच्या भूमिकेत अरुण द्रविड आहेत. ते स्वतः गायक, मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले, आणि शिक्षणाने रासायनिक अभियंते. शरदची भूमिका करणारे आदित्य मोडकही शास्त्रीय गायक. म्हणजे तालमीच्या त्या प्रसंगांत दोन गाणारी माणसं खरोखर गात असतात. अभिनेते घेतले असते तर हातवारे आले असते, इथे थांबवण्याची नेमकी जागा आली आहे. घराणं मात्र चित्रपटाने स्वतः उभं केलं, अलवर घराणं. खऱ्या घराण्याचं नाव घेतलं असतं तर प्रेक्षकांनी गुरुजींत आणि माईंत कुणाला ना कुणाला ओळखायला सुरुवात केली असती, आणि हेतूंची चर्चा तिथेच संपली असती.

दादाला हे पटलं नाही.

दादा : चूक काढणं म्हणजे आशा असणं, हे तुझ्यापुरतं खरं असेल. सवयही असू शकते. आणि तू म्हणतेस तेच उलटं वाच. माणूस येत राहायला हवा असेल तर त्याला 'झालं, आता जा' म्हणून चालत नाही. 'अजून नाही, अजून थोडं' असंच म्हणावं लागतं. चुका काढत राहणं हाच त्याला धरून ठेवायचा उत्तम मार्ग.

आत्या : तू फार वाईट विचार करतोस रे.

दादा : मी विचार करत नाही, बाकीच्या शक्यता शिल्लक ठेवतो. हेतू माणसाच्या तोंडून येत नाही, तो वागण्यातून काढावा लागतो. चाळिशीचं ते बोलणं आठव. शरद अस्वस्थ होतो तेव्हा गुरुजी काय सांगतात? आम्ही चाळिशीपर्यंत दुसरा विचारच केला नाही, नुसता रियाज केला, अशा अर्थाचं. म्हणजे चोविशीच्या पोराला सोळा वर्षं काही विचारायचंच नाही असं सांगितलं. अशी मुदत मागणारा माणूस तपासून बघावा लागतो.

आत्या : त्यांनी मुदत मागितली नाही. त्यांच्या वाट्याला आलं ते सांगितलं. माईंनी त्यांना हेच सांगितलं असणार. आणि ते खोटं नाही. ख्याल गायला गळा तयार झाला तरी पुरत नाही, राग आतून दिसायला लागावा लागतो, आणि तो कधी दिसेल हे कुणीच सांगू शकत नाही. केसरबाई केरकर अल्लादियाखाँसाहेबांकडे रीतसर शिकायला लागल्या १९२१ साली. तेव्हा त्या कोवळ्या पोर नव्हत्या, तिशीच्या जवळ होत्या, आणि आधीही कितीतरी शिकलेल्या होत्या. मग वर्षानुवर्षं तालीम. त्या वर्षांत कुणी विचारलं असतं, होणार का हिचं काही, तर काय उत्तर देणार?

दादा : केसरबाईंचं झालं म्हणून आपण त्यांचं नाव घेतोय. ज्यांचं झालं नाही त्यांची नावं सांग.

आत्या गप्प झाली. दादाचा हा मुद्दा चित्रपटाच्या पोटातला आहे. कलेची परंपरा सांगताना आपण पोचलेल्यांची चरित्रं सांगतो. त्यांची उपासमार, त्यांचे अठरा-अठरा तासांचे रियाज, गुरूच्या घरी भरलेलं पाणी, हे सगळं पुढच्या यशामुळे उजळून निघालेलं असतं. तेवढंच पाणी भरून कुठेच न पोचलेल्याचं चरित्र कुणी लिहीत नाही. ताम्हाणे यांनी ते लिहिलं, आणि त्यासाठी अगदी सुमार नव्हे तर बऱ्यापैकी गाणारा माणूस निवडला. शरद बेसूर असता तर प्रश्नच आला नसता. तो चांगला गातो. म्हणूनच 'अजून थोडं' हे वाक्य बारा वर्षं टिकू शकतं.

मग मी मध्ये पडले. माझं मत असं की गुरुजींना माहीत होतं. पहिल्या वर्षापासून नसेल, पण स्पर्धेनंतर नक्की. ते खोटं बोलले नाहीत हे आत्याचं म्हणणं मला मान्य आहे. शरदची खोटी स्तुती केल्याचा एकही प्रसंग चित्रपटात नाही. पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. आणि शरदनेही विचारलं नाही. तो दवाखान्यात, प्रवासात, मैफिलीत त्यांच्यासोबत असतो, आणि 'गुरुजी, माझ्यात आहे का?' हा एक प्रश्न सोडून बाकी सगळं करतो. ज्याला उत्तराची भीती वाटते तो सेवा वाढवतो, हे मी गाण्याबाहेरही पुष्कळ पाहिलं आहे.

आत्या : म्हणजे तुझ्या मते दोघांनी मिळून ते टाळलं.

हो, तसंच. पण मग दोघांवर सारखीच जबाबदारी येते का, यावर आमचं पुन्हा फाटलं. दादाचं म्हणणं, कधीच नाही. एकजण सत्तरीचा नावाजलेला गवई, दुसरा पंचविशीतला मुलगा. ज्याच्या हातात निकाल आहे त्याच्यावर बोलायची जबाबदारी जास्त. आत्याचं म्हणणं, शरद लहान मूल नव्हता. नोकरी करत होता, त्याला बाहेरचं जग दिसत होतं. टीव्ही वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पुढे गेलेल्या मुलीचं काय काय होत जातं तेही तो बघत होता. त्याने वाट निवडली आणि त्या निवडीचा त्याला अभिमान होता. 'तो अभिमान तू काढून घेतोस,' ती दादाला म्हणाली, 'त्याला नुसता फसवला गेलेला करतोस. फसवला गेलेला माणूस म्हणजे ज्याने स्वतः काही केलंच नाही असा.' हे वाक्य दादाला लागलं. त्याच्या कामाशी या वाक्याचा जवळचा संबंध आहे. न्यायालयात पक्षकार पीडित ठरला की खटला जिंकता येतो, पण त्या माणसाने काय काय विचार करून काय काय निवडलं ते कागदावर कुठेच उरत नाही.

जुन्या मुद्रणांचा संग्राहक राजन जोशी आणि शरद यांच्या भेटीवर आम्ही खूप वेळ घालवला, कारण तिथे शरदचा स्वतःचा हेतू उघडा पडतो. दुर्मीळ मुद्रणांच्या ओढीने शरद या माणसाला भेटतो. जोशी बोलता बोलता माईंबद्दल आणि गुरुजींबद्दल नको ते ऐकवायला लागतो. माईंचे पूर्वग्रह, त्यांच्याभोवती उभी राहिलेली आख्यायिका, सगळं एका शांत, माहीतगार सुरात. शरद ऐकत राहतो आणि शेवटी समोरचा पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो.

आत्या : गुरूची निंदा ऐकून उठून न जाणारा शिष्य मी समजू शकत नाही. पण हा निदान भडकला तरी.

दादा : उठून जाता आलं असतं. तो बसून राहिला. शेवटपर्यंत ऐकलं आणि मग भडकला. खोटं ऐकल्यावर माणूस इतका वेळ बसत नाही, हसून निघून जातो. शरदला ते खरं वाटलं, म्हणून त्याने पेला उचलला.

आत्या : जोशी खरं बोलतोय कशावरून? त्याच्याकडे मुद्रणं आहेत, गाणं नाही. ज्याला गाता येत नाही आणि सगळं माहीत आहे, त्याला गाणाऱ्याला खाली खेचण्यात काय मिळतं ते मी सांगू शकते.

दोघांनी मिळून इथे एक गोष्ट नेमकी पकडली असं मला वाटतं. जोशी खरं बोलतो की खोटं, हे चित्रपट सांगत नाही. माई खरंच तशा थोर होत्या का, तेही सांगत नाही. त्यांचं गाणं आपण ऐकतच नाही. ऐकतो ते त्यांचं बोलणं, आणि तेही शरदच्या कानातून. या वाटेने जायचं तर एकटं राहायला आणि उपाशी राहायला शिका, असं तो आवाज बजावतो. पेला रिकामा करताना शरद माईंची अब्रू वाचवत नसतो. रिकाम्या रस्त्यांवर त्या आवाजाच्या भरवशावर जी वर्षं घातली, ती वर्षं तो वाचवत असतो.

आणि आता तो प्रसंग, ज्यात मला शरदचा सर्वांत जास्त राग येतो. शरद स्वतः शिकवू लागला आहे. एक विद्यार्थी आईला घेऊन येतो. मुलाला कॉलेजच्या फ्यूजन बँडमध्ये गायचं आहे, परवानगी हवी आहे. शरद सांगतो, जरूर जा, पण मग इथे परत येऊ नकोस, माझं नाव लावू नकोस. आई अवघडते, मुलगा खाली मान घालतो.

आत्या : त्याने निदान सांगितलं. तुम्हाला गुरुजींकडून जे स्पष्ट बोलणं हवं होतं ना, ते शरदने केलं. मुलगा दुसऱ्या दिवसापासून मोकळा झाला. बारा वर्षं अडकला नाही.

दादा : हे तू मनापासून म्हणतेस?

आत्या : मनापासून. कडू बोलला, पण बांधून ठेवलं नाही.

मी इथे आत्याच्या ठाम विरोधात आहे. त्या मुलाने 'माझ्यात आहे का?' असं विचारलं नव्हतं. त्याला फक्त गायचं होतं, मित्रांबरोबर, आनंदाने. शरद त्याला त्याच्या गाण्याबद्दल काहीच सांगत नाही, निष्ठेबद्दल सांगतो. जे त्याच्यावर न बोलता लादलं गेलं होतं तेच तो बोलून लादतो, आणि ते कुठे नेतं हे एव्हाना त्याला पुरतं ठाऊक असतं. गुरुजींचा विश्वास तरी होता या वाटेवर. शरदचा तो उडत चालला आहे, आणि तरीही त्या वाटेच्या नावाने तो एका मुलाला दाराबाहेर काढतो. नैतिक निवड म्हणून चित्रपटातली सर्वांत जड निवड मला हीच वाटते, आणि दिग्दर्शकाने ती इतक्या साध्या खोलीत, इतक्या खालच्या आवाजात घडवली आहे की पहिल्यांदा पाहताना ती निसटून जाते.

त्यानंतर काही काळाने शरद भर कार्यक्रमात गाणं थांबवतो आणि उठून जातो. यावर आमच्यात फारसा वाद झाला नाही. आत्या एवढंच म्हणाली की केसरबाईंनीही साठच्या दशकात जाहीर गाणं बंद केलं, पण गळा चांगला असताना, लोक मागत असताना. थांबण्यालाही काहीतरी शिल्लक असावं लागतं.

अखेरीस शरदचं लग्न झालं आहे, मुलगी आहे, आणि तो जुनी, दुर्मीळ मुद्रणं लोकांपर्यंत पोचवण्याच्या व्यवसायात उभा आहे. बायको आणि मुलीबरोबर तो लोकलमधून जात असताना डब्यात एक माणूस वाद्य छेडत, गात येतो. शरद बघतो. चित्रपट संपतो. त्या बघण्यात काय आहे, पश्चात्ताप, हेवा की सुटका, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मला त्यात विशेष रस नाही. त्या नजरेत प्रत्येकाला जे हवं ते ठेवता येतं. गुरुजींच्या तालमीत तसं करता येत नाही, तिथे थांबवणं आहे, पुन्हा गाणं आहे, आणि न बोललेलं एक वाक्य आहे.

म्हणून दादाने शेवटी आत्याला तेच विचारलं.

दादा : स्पर्धेनंतर शरद तुझ्यासमोर येऊन बसला असता, तर तू काय सांगितलं असतंस?

आत्या : तुझा कान फार चांगला आहे. कुठल्या जुन्या मुद्रणात काय आहे ते तुला कळतं, का मोठं आहे तेही कळतं. गळा साधा आहे. कानाच्या जोरावर काहीतरी कर, आणि गाणं स्वतःसाठी ठेव.

दादा : म्हणजे शेवटी तो जे करतो तेच. बारा वर्षं आधी. मग गुरुजींनी हे का नाही सांगितलं?

आत्या : (थोडा वेळ घेऊन) सांगितलं असतं तर तो गेला असता.

दादा : हेच तर मी मघापासून म्हणतोय.

आत्या : थांब. अर्धंच ऐकू नकोस. तो गेला असता, तर त्या बारा वर्षांची तालीमही गेली असती. एवढं गाणं त्याच्या गळ्यात उतरलं, ते कुणासमोर सिद्ध झालं नाही म्हणून वाया गेलं असं तू म्हणशील, मी नाही म्हणणार. गुरुजींना माणूस हवा होता, हे मी धरून चालते. पण त्या माणसाला जे दिलं ते देताना हात आखडता घेतला असं मला कुठेच दिसलं नाही. तुझ्या न्यायालयात याचा हिशेब कसा करतात?

दादा : तिथे मिळालेल्या शिक्षणाची मजुरीतून वजावट करत नाहीत.

आत्या : मग माझं उत्तर तुझ्या न्यायालयात बसणार नाही. पण शरदला विचार, ती बारा वर्षं परत दिली तर तो दुसरं काय करेल. मला खात्री आहे, तो तानपुरा घेऊन गुरुजींच्या मागे जाऊन बसेल. आणि तुझी सगळी केस त्याच्या साक्षीवर उभी आहे.